सर्व खर्चासह समुद्र

दमणगंगा आमच्या सिल्वासा गावावरून पुढे जाते आणि दमणला समुद्रास मिळते. नदीला जे सहज साधते, ते आम्हा गावकऱ्यांना साधत नाही. आम्ही वापीमार्गे तीस-एक किलोमीटरांचा रस्ता कापावा, तेव्हा कुठे समुद्र दिसावयाचा. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुमारास मात्र आमच्या घरी जो समुद्र चर्चेस आला, तो दमणचा नव्हे. तो पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाचा, कॅरिबियन समुद्र होता.

त्याचे असे झाले. आमची लेक टोरंटोला असते. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी तिचा फोन आला. म्हणाली, "आई, या हिवाळ्यात तू आणि बाबा इकडे या. आपण सगळे मिळून आठ दिवस जमैकाला जाऊ. इथली किती तरी माणसं थंडीत तिकडेच पळतात. विमान, खोली, तिन्ही वेळचं खाणं, मुलांचे खेळ, सगळं एकाच रकमेत. तुला आठ दिवस पळीसुद्धा हातात धरावी लागणार नाही."

तिचे हे शेवटचे वाक्य माझ्या मनात घर करून राहिले. पस्तीस वर्षांच्या संसारात मी सहलींना पुष्कळ गेले. परंतु निघण्याच्या आदल्या रात्री दशम्या आणि लसणीची चटणी, मुक्कामी पोहोचताच स्टोव्ह, आणि परतल्यावर कपड्यांचा ढीग, असाच आजवरचा रिवाज. सहल म्हणजे परगावी जाऊन केलेला स्वयंपाक, अशी माझी व्याख्या झाली होती. त्यातून गेल्या पावसाळ्यापासून उजवा खांदा धरलेला. डॉक्टर विश्रांती सांगतात. ती कोठे मिळते, हे मात्र सांगत नाहीत. तेव्हा लेकीचा बेत ऐकून मी मनातून हरखले, हे कबूल करते.

आज आपल्यापैकी अनेकांची मुले परदेशी आहेत, आणि असा फोन अनेक घरी येत असेल. म्हणून त्या दोन महिन्यांत आम्ही काय विचारले, काय शिकलो आणि शेवटी काय ठरविले, ते सांगावेसे वाटते.

ही व्यवस्था आली कोठून?

एकदा रक्कम भरावयाची आणि नंतर खिशात हात घालावयाचा नाही, अशा या समुद्रकाठच्या मुक्कामाला तिकडे 'ऑल-इन्क्लुझिव्ह' म्हणतात. आपण 'सर्व खर्चासह' म्हणू. आज ही श्रीमंती चैन वाटते; परंतु तिचा आरंभ तंबूत झाला. १९५० साली जेरार ब्लिट्झ नावाच्या बेल्जियन गृहस्थाने स्पेनच्या मायोर्का बेटावर क्लब मेडिटेरॅनी या संस्थेची पहिली छावणी उभारली. युद्धाने थकलेल्या मध्यमवर्गीय माणसांना थोड्या पैशांत ऊन, समुद्र आणि सोबत मिळावी, ही त्यामागील कल्पना. पुढे तेथे रोख पैसा नजरेआड व्हावा म्हणून पेयांसाठी रंगीत मणी चालत. ते गळ्यात माळेसारखे घालावयाचे आणि लागेल तसे काढून द्यावयाचे.

कॅरिबियन बेटांवर ही पद्धत रुजली ती मुख्यतः जमैकात. १९७८ साली ओचो रियोस येथे जॉन इसा यांनी जोडप्यांसाठी असे निवासस्थान काढले, आणि १९८१ साली गॉर्डन स्टुअर्ट यांनी माँटेगो बे येथे 'सँडल्स'चा आरंभ केला. त्या दशकांत जमैकात राजकीय हाणामाऱ्या होत असत आणि पाहुणे हॉटेलाबाहेर पडावयास बिचकत. मग जे बाहेर मिळते ते सारे कुंपणाच्या आतच दिले, तर? या विचाराने धंदा तरला. मात्र त्यामुळे पाहुण्याचा पैसाही कुंपणाच्या आतच राहू लागला. फाटकाबाहेरचा फळवाला आणि टॅक्सीवाला पाहतच राहिले. ही तक्रार तेथील लोक आजही करतात, आणि ती खोटी नाही.

ही कल्पना आपणांस अगदीच परकी नाही. कोकणात दिवेआगर, गुहागर, हर्णै येथे किंवा आमच्या जवळच्या बोर्डीला घरगुती राहण्याजेवणाची सोय असते. सकाळचा चहा, पोहे, दोन वेळचे जेवण आणि खोली यांचा एकच दर. फरक इतकाच, की तेथे आपल्याला विसावा मिळावा म्हणून दुसऱ्या घरची बाई चुलीपुढे उभी असते, आणि ती आपणांस दिसते. मोठ्या हॉटेलात ती दिसत नाही, इतकेच.

कोणते बेट, कोणता किनारा

हे लहानपणापासून क्रिकेटचे वेडे. १९७१ साली सुनील गावसकरांनी वेस्ट इंडीजमध्ये चार कसोटींत ७७४ धावा काढल्या, तेव्हा पोर्ट ऑफ स्पेन, जॉर्जटाउन, ब्रिजटाउन ही नावे किती तरी मराठी घरांत घरचीच होऊन बसली. ह्यांनी नकाशा काढला आणि बार्बाडोसवर बोट ठेवले. लेकीच्या मनात जमैका. जावयांचे मत डोमिनिकन रिपब्लिककडे, कारण तेथील दर हलके. मी म्हटले, आधी समुद्र तरी कसा आहे ते पाहू, हॉटेल मागाहून.

आणि हे बरे झाले. माहितीपत्रकांतील चित्रांत सगळे किनारे सारखेच निळे असतात; नकाशा पाहिला म्हणजे फरक कळू लागतो. त्या भागात वारे बहुतेक पूर्वेकडून येतात. म्हणून बेटाच्या पूर्व अंगाला अटलांटिकच्या लाटा आपटतात आणि पश्चिम अंग शांत राहते. बार्बाडोसला हे अगदी उघड दिसते: पश्चिमेस तलावासारखे पाणी, तर पूर्वेस बाथशेबा येथे खडकांवर उसळणारा समुद्र. लहान मुले बरोबर असतील तर पश्चिम किनारा निवडावा, हा पहिला धडा.

दुसरा धडा ऋतूचा. आपल्या पावसाळ्याप्रमाणे तिकडे १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा काळ मानतात. ऑगस्ट ते ऑक्टोबर हे त्यांतले वाईट महिने. जुलै २०२४ मध्ये 'बेरिल' वादळ ग्रेनाडाच्या बेटांना झोडपून जमैकाच्या दक्षिण किनाऱ्याजवळून गेले, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये 'मेलिसा' तर जमैकावरच आदळले. या काळात दर उतरलेले असतात, ते उगीच नव्हे. दक्षिणेकडील अरुबा, बोनेर, कुरासाव ही बेटे सहसा वादळांच्या वाटेबाहेर राहतात. ज्या बेटावर नुकतेच वादळ येऊन गेले असेल, तेथे निवासस्थान पूर्ववत उघडले आहे ना, हे रक्कम भरण्यापूर्वी विचारलेच पाहिजे.

तिसरी गोष्ट सागरी शेवाळाची. २०११ सालापासून सार्गासम नावाचे तपकिरी शेवाळ समुद्रावर तरंगत मोठ्या प्रमाणावर या किनाऱ्यांना लागते. ते कुजले म्हणजे सडक्या अंड्यासारखी घाण येते. हा त्रास वसंत आणि उन्हाळ्यात अधिक, आणि पूर्वेस तोंड असलेल्या किनाऱ्यांवर अधिक. म्हणजे येथेही पश्चिम किनारा आणि हिवाळा हेच उत्तर आले.

चौथी गोष्ट वाचून मी थबकले. कॅरिबियन समुद्रात भरती-ओहोटीचा फरक बहुतेक ठिकाणी हातभरसुद्धा नसतो. सकाळी जेथे पाणी, तेथेच संध्याकाळी. म्हणूनच तेथे पाण्यापासून वीस पावलांवर खाटा मांडता येतात आणि दिवसभर केव्हाही पोहता येते. याच्या उलट आमचे दमण. ती हकिकत पुढे येईलच.

समाविष्ट काय आणि कोणासाठी?

लेकीने तीन-चार ठिकाणांचे कागद धाडले. ते वाचताना 'सर्व' हा शब्द किती लवचीक आहे, हे कळले. दर लिहिलेला असतो तो बहुधा दोघांच्या खोलीतील एका माणसामागे. एकट्या माणसास जास्त पडते. कर आत आहेत की वेगळे, विमानतळावरून नेणे-आणणे त्यात आहे काय, बक्षिशी द्यावयाची की नाही, हे बारीक अक्षरांत असते. वल्ह्याची होडी, लहान शिडाची होडी, प्रवाळ पाहण्याचा चश्मा हे सहसा दरात असतात; इंजिनाची होडी आणि बाहेरच्या सहली सहसा नसतात. मोठ्या भोजनगृहात कितीही खावे, परंतु खास उपाहारगृहांत आधी जागा राखून ठेवावी लागते. 'समुद्रदर्शनी' खोली आणि 'समुद्रालगतची' खोली यांतही अंतर आहे. पहिलीत मान वाकडी करून निळी रेघ दिसली, तरी शब्द खरा ठरतो.

याहून महत्त्वाची गोष्ट ह्यांच्या ध्यानात आली. त्या एकरकमी दरात मद्याचा वाटा मोठा असतो. आमच्या घरी कोणी मद्य घेत नाही, आणि सासूबाईंमुळे व सवयीमुळे मांसाहारही बेताचा. हे कागद खाली ठेवून म्हणाले, "म्हणजे शेजारच्या टेबलाचं बिल आपण भरायचं!" हा विनोद असला तरी हिशेब खरा आहे. जे घर पुष्कळ खाते, पिते आणि खेळते, त्याला ही पद्धत स्वस्त पडते. जे घर दोन वाट्या वरण-भातावर तृप्त होते, त्याने केवळ खोली आणि न्याहारीचा दर विचारून ताडून पाहावा. तिकडे बरीच ठिकाणे दोन्ही प्रकारांनी मिळतात.

शाकाहाराविषयी मात्र माझी भीती पुष्कळशी खोटी ठरली. जमैकात रास्ताफारी पंथाचे लोक 'आयटल' नावाचे शाकाहारी अन्न करतात. राजम्यासारखे दाणे घालून नारळाच्या दुधात शिजविलेला भात हे तेथील रविवारचे जेवण. हे वाचून मला माझ्या माहेरच्या नारळीभाताची आठवण झाली. कलालू नावाची माठासारखी पालेभाजीही असते. त्रिनिदादला तर १८४५ पासून गेलेल्या भारतीय मजुरांनी रोटी आणि चणे यांना सार्वजनिक अन्न करून टाकले आहे. एवढेच, की कलालूत खारवलेला मासा किंवा भातात मांसाचा तुकडा असू शकतो. म्हणून 'शाकाहारी मिळेल काय' असा प्रश्न न करता, 'कशात शिजविता' असा प्रश्न करावा.

प्रवासाची कथा वेगळीच. भारतातून तिकडे थेट विमान नाही. वाटेत ज्या देशात विमान बदलावयाचे, त्याचा परवाना लागू शकतो. अमेरिकेतून गेल्यास तर लागतोच. आमच्यासाठी कॅनडाचा परवाना, तो लांबचा प्रवास, मग टोरंटोहून माँटेगो बेपर्यंत आणखी सुमारे चार तास. आणि घड्याळ आपल्याहून साडेदहा तास मागे. साठी उलटलेल्या माणसाने आठ दिवसांच्या मुक्कामासाठी महिन्याचा विचार करावयास हवा. आधीच्या दुखण्यांना धरून विमा घ्यावा. तो नसेल तर निघूच नये, असे माझे स्पष्ट मत झाले.

हे सारे जमवून आम्ही एका ठिकाणापर्यंत येऊन पोहोचलो होतो. जमैकाचे पश्चिम टोक, नेग्रिल, लांब वाळूचा शांत किनारा, महिना जानेवारी. रक्कम भरावयाची एवढेच उरले होते.

सासूबाईंचा प्रश्न

सासूबाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत. १९६१ साली दादरा आणि नगर हवेली भारतात विलीन झाल्यानंतर मामंजी शिक्षक म्हणून येथे आले, तेव्हापासून त्या सिल्वाशात आहेत. माहेर मात्र रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीच्या काठी. गुडघे धरल्यापासून त्या अंगणापलीकडे फारशा जात नाहीत. आमची इतकी दिवस चाललेली चर्चा त्या पलंगावरून ऐकत होत्या. एके दिवशी दुपारी मी त्यांना चहा दिला, तेव्हा शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही महिनाभर जाणार, तर मला कुठं ठेवणार? तुझ्या नणंदेकडे तिसरा मजला आहे, जिना आहे."

यात तक्रारीचा सूर नव्हता. एक सामान कोठे ठेवावे, असा साधा प्रश्न होता. म्हणूनच तो फार लागला. थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, "माझ्यासाठी अडू नका. तू जा. तुला विसावा पाहिजे, हे मला दिसत नाही का?"

त्या रात्री मी आणि हे उशिरापर्यंत बोलत बसलो. आम्ही समुद्र, वारा, शेवाळ, कर, बक्षिशी, भाताचे तेल या सगळ्यांची चौकशी केली होती. पण 'सर्व खर्चासह' या शब्दांत आमच्या घरातले सर्व आहेत काय, हे विचारलेच नव्हते. ज्याला चालवत नाही त्याच्यापासून आणि जिचे हात थकले आहेत तिच्यापासून बेताचा आरंभ करावयास हवा होता. आम्ही तो नकाशापासून केला.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी टोरंटोला फोन लावला. लेक थोडा वेळ गप्प राहिली. तिने रजेचा अर्जही दिला होता. मग म्हणाली, "आजीला सोडून मलाही गोड लागणार नाही. मीच येते. पण बाबा, अट एक. आईने स्वयंपाक करायचा नाही. घरी राहिलो तर ती करणारच. समुद्रावरच राहायचं."

जुना रस्ता

सिल्वाशाहून समुद्रावर म्हणजे दमणला. दीवचा नागोवा किनारा अर्धचंद्रासारखा सुंदर आहे, फांद्या फुटणारी होका ताडाची झाडेही तेथे पाहावयास मिळतात. आणि २६ जानेवारी २०२० पासून दीव, दमण आणि आम्ही एकाच केंद्रशासित प्रदेशात आहोत. परंतु खंभातच्या आखाताला वळसा घालून सहाशे किलोमीटरांच्या आसपासचा तो प्रवास सासूबाईंना झेपणारा नव्हता. कॅरिबियनशी खरे साम्य लक्षद्वीपचे, प्रवाळाच्या कड्याआड शांत पाणी. पण तेथे कोचीहून जावयाचे आणि प्रवेशाचा परवाना काढावयाचा. म्हणून दमणच.

या रस्त्याचे एक गमतीचे महत्त्व आहे. १९५४ साली आमचा प्रदेश मुक्त झाल्यावर, दमणहून येथे येण्याचा हक्क आपणांस आहे, असे म्हणत पोर्तुगालने १९५५ साली हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला होता. १२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला: पूर्वी खाजगी माणसे, मुलकी अधिकारी आणि माल यांपुरता तो हक्क होता, सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रे यांना नव्हता, आणि भारताने आपले कर्तव्य मोडले नाही. ज्या वाटेसाठी दोन देश हेगपर्यंत गेले, त्या वाटेने आम्ही आता नातवंडांना घेऊन समुद्रावर जाणार होतो.

दमणचा अनुभव मात्र आमच्या गाठीशी चांगला नव्हता. काही वर्षांपूर्वी 'समुद्रकाठी, जेवणासह' अशी जाहिरात पाहून आम्ही एका हॉटेलात दोन दिवस राहिलो. दुपारी पोहोचलो, तर समुद्र जागेवर नव्हता! जिकडे पाहावे तिकडे चिखल आणि खडक, आणि पाण्याची रेघ फार दूर. संध्याकाळी पाणी आले तेव्हा काळोख पडला होता. निघताना चहाचे, तापविलेल्या दुधाचे आणि अंघोळीच्या जादा बादलीचे वेगळे बिल हाती आले. शनिवार-रविवार होता, गुजरातेत १९६० पासून दारूबंदी असल्याने तिकडून आलेल्या मंडळींचा खालच्या मजल्यावर मध्यरात्रीपर्यंत जल्लोष चालला होता. त्या हॉटेलाला तरी किती दोष द्यावा? आम्ही काहीच विचारले नव्हते.

या वेळी कॅरिबियनसाठी तयार केलेली प्रश्नांची यादीच मी पुढे ओढली. दर माणशी की खोलीमागे? चहा आणि मुलांचे दूध त्यात आहे काय? तळमजल्यावर खोली मिळेल काय, न्हाणीघराला उंबरा आहे काय, धरावयास कठडा आहे काय? पथ्याचे, कमी तिखटाचे जेवण कोण करील? सोमवार ते गुरुवार राहिल्यास दर काय? सात-आठ ठिकाणी फोन केले. 'सगळं मिळेल' असे ज्यांनी पहिल्याच वाक्यात सांगितले, त्यांची नावे मी खोडली. मोटी दमणच्या बाजूस एका लहान ठिकाणच्या व्यवस्थापकाने मात्र सांगितले, "बाई, कठडा नाही, पण पक्की खुर्ची ठेवू. दूध वेगळं लागेल." ज्याने 'नाही' म्हटले, त्याच्या 'हो'वर विश्वास ठेवावा, असे ठरवून तेच ठिकाण निश्चित केले.

पंचांग आणि भरती

एक प्रश्न उरला होता, आणि त्याचे उत्तर एकाही हॉटेलाला देता आले नाही: आम्ही असू त्या दिवसांत संध्याकाळी पाणी किनाऱ्याशी असेल काय? "येतं, जातं," असे उत्तर मिळे.

हे उत्तर सासूबाईंकडे होते. त्या म्हणाल्या, "तिथीची पाऊणपट करा." कोकणच्या किनाऱ्यावर हा हिशेब पूर्वापार आहे. अमावास्येला आणि पौर्णिमेला पूर्ण भरती बाराच्या सुमारास. पुढे प्रत्येक तिथीला सुमारे पाऊण तास उशिरा. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. हीच वेळ दिवसा आणि रात्री, दोन्हीकडे. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते, पाणी जोराने चढते आणि दूरवर उतरते. अष्टमीच्या पुढेमागे भांगाची भरती, ती सौम्य. उत्तरेकडे जावे तशी भरतीची वेळ पुढे सरकते, म्हणून दमणला या हिशेबात तासाहून अधिक मिळवावा. ज्या खंभातच्या आखाताच्या तोंडाशी दमण आहे, त्याच्या आतल्या भागात भरती-ओहोटीचा फरक देशात सर्वांत मोठा असतो. दमणलाही तो काही मीटरांचा असतो. जेथे पाणी हातभरही हलत नाही, तेथे पंचांग लागत नाही, आमच्याकडे लागते.

म्हणजे वद्य तृतीया ते षष्ठी असे दिवस धरले, तर साडेतीन ते सहाच्या दरम्यान पाणी भरलेले मिळेल. नाताळची गर्दी ओसरल्यावर पौषात तसे चार दिवस होते, आणि सुदैवाने ते सोमवार-गुरुवारातच बसत होते. नातवंडांची शाळा एक आठवडा बुडाली, एवढाच तोटा.

चार दिवस

जाण्यापूर्वी देवका आणि जामपोर यांतला फरकही पाहून ठेवला होता. नानी दमणचा देवका किनारा खडकाळ आहे. तेथे पाण्यात उतरणे धोक्याचे. मात्र २०२३ साली तेथे सुमारे साडेपाच किलोमीटरांचा किनारामार्ग झाला आहे, त्यामुळे चाकांच्या खुर्चीतून वृद्धांना हवा खाण्यास ती जागा उत्तम. मोटी दमणचा जामपोर वाळूचा, सुरूच्या झाडांचा. पाणी गढूळ, कॅरिबियनसारखे निळे मुळीच नाही, हे नातवाने पहिल्याच मिनिटाला मोठ्याने जाहीर केले. भरती चढत असताना, आणि मोठे माणूस हाताशी असतानाच, मुलांनी काठाशी खेळावे. ओहोटी लागली की पाणी पाय ओढते, म्हणून बाहेर यावे, हा नियम आम्ही कडक पाळला.

जेवणाचे ठीक होते. दुसऱ्या दिवशी संकष्टी आली. सासूबाई चंद्रोदयावाचून जेवणार नाहीत आणि चंद्र उगवणार नऊच्या सुमारास. स्वयंपाकघर साडेनऊला बंद. व्यवस्थापकाने आचाऱ्याला थांबविले. वरणभात गरम मिळाला. तिसऱ्या दिवशी मी सकाळी सवयीने स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहून त्या आचाऱ्याला फोडणीत हिंग आधी घाल म्हणून सांगत होते. मागून लेकीने दंडाला धरून बाहेर नेले. "अट विसरलीस?" म्हणाली. त्यानंतर मात्र मी खरोखरच काही केले नाही. पहिला दिवस हातांना चुकल्यासारखे झाले होते. चौथ्या दिवशी खांदा दुखतो आहे की नाही, याची आठवणही राहिली नाही.

त्या शेवटच्या दिवशी तिघांनी मिळून सासूबाईंना खुर्चीसकट वाळूवर नेले. पाणी अजून बरेच लांब होते. नातू म्हणाला, "पणजीआजी, समुद्र खूप दूर आहे." त्यांनी त्याच्या वडिलांच्या मनगटावरचे घड्याळ पाहिले आणि त्याला शेजारी बसविले. "आपण कशाला जायचं? येईल तोच." अर्धा-पाऊण तास दोघे बसून होती. मग एक लाट आली, खुर्चीचे पाय आणि त्यांचे पाय भिजवून मागे गेली. कित्येक वर्षांनी त्यांच्या पायांना समुद्र लागला होता. त्या काहीच बोलल्या नाहीत. पदर गुडघ्यापर्यंत सावरून दुसऱ्या लाटेची वाट पाहू लागल्या.

नेग्रिलचे कागद मी फाडलेले नाहीत. तो समुद्र आमच्या समुद्राहून निळा आणि शांत आहे, यात शंका नाही, आणि योग येईल तेव्हा आम्ही जाऊही. कपाटात ती यादी नीट घडी करून ठेवली आहे. तिच्या आरंभी मात्र आता दोन प्रश्न अधिक लिहिले आहेत: घरात सर्वांत कमी कोणाला चालवते, आणि सर्वांत अधिक कोण थकले आहे? या दोघांची सोय ज्या ठिकाणी होईल, तेथील दर मग विचारावा.